पथारी

नगरपालिकेचं काम होतं. पाणी कोणत्या वार्डात कधी,
एवढंच सांगणारं पान.
दोंडाईच्यात नळाची वाट आठवडाभर बघायची,
आणि जुन्या पानावर आधी यायचे
झेंडूच्या चौकटीतले सात फोटो,
मग सरकती शुभेच्छा,
मग एक नोटीस, तिरकी स्कॅन केलेली,
तिच्यावर चहाच्या कपाचं गोल.

मी सगळं काढलं.
प्रत्येक वार्डापुढे एक ठिपका ठेवला,
हिरवा म्हणजे आज पाणी, लाल म्हणजे नाही.
शब्द कशाला? ठिपका कुणालाही कळतो.
फार खूश होते त्या दिवशी.

दुपारी फोन घेऊन मिरचीच्या पथारीवर गेले.
बायकांच्या नाकातोंडाला फडकी, चहूकडे शिंका,
नजर पोचेल तिथवर जमीन लाल.
हिलाल आप्पा भोई तिथे तीस वर्षं राखणीला.
त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला.
"ठिपका दिखतस, माय. दोन्ही मातीनाच."

मला वाटलं, स्क्रीनवर ऊन आहे.
ओढणीची सावली केली.
तरी मातीनाच.

मग हसत सांगितलं त्यांनी,
पिकलेली नि कच्ची
त्यांना जन्मभर एकाच रंगाची दिसली.
आधी सांगितलं नाही, सोयरीक मोडेल म्हणून,
नंतर सांगितलं नाही, मापाडी हसतील म्हणून.
मूठभर उचलायची, कानाशी हलवायची.
वाळलेली खुळखुळते.
ओली गप्प.

एवढ्या लालभडक रानात
हा माणूस कानावर चाललाय,
आणि मी त्याच्यापुढे ठिपके ठेवले.

रात्री ठिपक्यांशेजारी शब्द लिहिले.
आज येईल. आज नाही.
'पाणीपुरवठा वेळापत्रक' खोडून 'पाणी कधी?' केलं.
ते फिकट राखाडी अक्षर काळं केलं,
पुण्याहून शिकून आणलेलं, माझं लाडकं.
बटणांना नावं दिली, कारण स्टेशन रोडच्या विमलताई
डोळ्यांनी नाही, कानांनी वाचतात,
आणि जुन्या पानावर त्यांचा फोन नुसता म्हणायचा,
बटण. बटण. चित्र. बटण.

तरी ओळी दाटत होत्या.
वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत
बाभळीत पतंग अडकावे तसे.
तेव्हा आठवलं, निघताना आप्पा म्हणाले होते,
ढीग केला की आतली काळी पडते.
पातळ पसरायची,
मधून पाय टाकायला जागा सोडायची.

मी ओळींमध्ये पाय टाकायला जागा सोडली.

मुख्याधिकारी म्हणाले, एवढं रिकामं?
पैसे काय रिकाम्याचे घेता?
मी हो म्हटलं.
सातांतला एक फोटो परत आला,
तळाशी, लहानसा. असू दे.

मंगळवारी पहाटे आप्पांचा फोन.
"पान चुकनं. वार्ड सहाले 'आज येईल' लिखेल शे,
नळ कोरडा."
मी उघडून पाहिलं. पान चुकलं नव्हतं.
अक्षर काळं, मोठं, उन्हातही वाचता येणारं.
पाणीच आलं नव्हतं.

टाकीवरच्या माणसाला पाच वेळा फोन लावला,
तो म्हणाला, मोटर बघतोय, सांगता येत नाही.
मग मला तिसरं वाक्य घडवावं लागलं,
ज्याचा कुठलाच रंग माझ्याकडे नव्हता.

उशीर होतोय. किती, ते माहीत नाही.

आप्पांनी फोनवरच मोठ्यानं वाचलं,
एकदा, मग सावकाश पुन्हा,
जणू कानाशी धरून हलवून बघताहेत.
"हाई बराबर शे," म्हणाले.