मागचा दिवा

ठाण्यातल्या फळ्यावर, रजेच्या यादीशेजारी
टाचणीनं लावलाय नवा कागद:
मागचा दिवा, फुटका आरसा, मडगार्ड, पुसट नंबर,
एवढ्याशाच कारणानं
गाडी थांबवू नये.
'एवढ्याशाच'खाली साहेबांनी पेननं रेघ मारलीय.

खराडे म्हणाला, "मग आता काय, नुसते हात हलवायचे?"
आम्ही हसलो.
शिटी खिशात घालून विश्रामबागच्या चौकात आलो
आणि खरंच, हाताचं काय करावं कळेना.

एकवीस वर्षं ह्या हातानं गाड्या थांबवल्यात.
हात आधी बघतो, डोळे मागनं.
कडक पांढरी टोपी, पुढं झेंडा, काळी काच:
हात खिशातच.
कारखान्याकडं निघालेली जोड-ट्रॉली,
उसाचे शेंडे रस्त्याला घासत,
मागं दिवा नाही की लाल चिंधी,
टेपवर गाणं एवढं मोठं
की शिटी ऐकूच जाऊ नये.
तिला शिटी मारल्याचं
मला तरी आठवत नाही.

आठवतं ते दुसरंच.
पौषातली रात्र, साडेअकरा.
सिव्हिलकडनं मिरजेला निघालेली एम-एटी,
मागचा दिवा बंद.
बाजूला घे. कागद? होते.
लायसन? होतं.
नाव? रायसिंग.
पुढं? काळे.
गाव?
तो जरा थांबला.
"कवठ्याच्या अलीकडं, साहेब. पालावर."

तिथं दिव्याचा विषय संपला.
उतर म्हटलं. तिलाही उतर म्हटलं.
ठाण्याला फोन लावून नाव सांगितलं.
तिकडनं विचारलं, कुठले काळे?
मी म्हटलं, तेच.

पिशवी रस्त्यावर उलटी केली:
भाकरीचं फडकं, स्वेटर, केसपेपर
आणि एक मोठं पिवळं पाकीट.
ह्यात काय?
"फोटो हाय साहेब. छातीचा."
खरं वाटलं नाही.
बाहेर काढला आणि वर धरला,
चौकातल्या दिव्यापुढं.
एकूण एक फासळी दिसली.
डावीकडं, खाली, धुकं.
कुणाचा हा?
"माझा," ती म्हणाली,
आणि पदर छातीवर घट्ट ओढून घेतला,
मी अजून बघतच होतो
तसा.

पाऊण तासानं निरोप आला: काही नाही, सोड.
मी पावती फाडली, दिव्याची.
थांबवल्याला काहीतरी कारण पाहिजे ना.

पुढं फाल्गुनात माझ्याच गाडीचं चाक बसलं,
तर पंक्चरवाला पोरगा म्हणाला,
मामा, मागचा बल्ब उडालाय की.
कधीचा रे?
त्यानं उघडून बघितलं. आत गंज.
"दिवाळीपासनं तरी असंल."
बारा रुपये. दोन मिनिटं.
दिवाळीपासनं फाल्गुनापर्यंत
सांगलीत मला कुणी हात केला नव्हता.

असा हा कागद.
मला तो पटलाय असं नाही.
अंधारात कुणी मागनं ठोकलं तर
पंचनाम्याला आम्हीच जाणार,
चप्पल एकीकडं, माणूस एकीकडं.
ते मी बघितलंय. साहेबांनी रेघ मारताना
ते बघितलं होतं का, माहीत नाही.

आज आठच्या सुमाराला एक गेला.
स्प्लेंडर, मागं बाई, बाईच्या मांडीवर पातेलं,
दिवा बंद.
हात खांद्यापर्यंत आला. तिथं टोपी नीट केली.
नुसता ओरडलो,
"ओ पाव्हणं, मागचा दिवा गेलाय!"

तो थांबला.
गाडी स्टँडला लावली.
बाईला म्हणाला, उतर.
मी काही विचारायच्या आत
प्लॅस्टिकच्या पिशवीतनं कागद काढले,
घडी उलगडली आणि पुढं केले.
मी म्हटलं, अहो जावा, सांगितलं फक्त.
तो जाईना.
एकदा माझ्याकडं बघी, एकदा पावतीपुस्तकाकडं,
आणि ती बाई पातेलं रस्त्यावर ठेवून
न सांगताच
पिशवीची गाठ सोडायला लागली.