काही करू नका

हेनो सारेपू, वय चौऱ्याहत्तर,
पियानो जुळवायचा, आता निवृत्त.
खिशातून निघालं ते ट्रेमध्ये ठेवलं:
किल्ल्या, नाणी, खोकल्याच्या गोळ्या,
आणि एक नादकाटा, पोलादी.
चुंबक ओळखपाळख बघत नाही, मी म्हटलं.
तो म्हणाला, जपून ठेवा. ओला हात लावू नका.

बाहेर तार्तू गोठलेलं.
एमायोगीच्या पाण्यावर बर्फाचे पापुद्रे
एकमेकांना घासत चाललेले,
आणि आत हीटर हवेतली ओल पिऊन टाकत होते.
"अशा दिवसांत," तो आडवा होता होता म्हणाला,
"गावातले सगळे पियानो एकदम उतरतात."

कानात बोळे, वर हेडफोन,
डोक्याभोवती पिंजरा, हातात रबरी फुगा:
घाबरलात तर दाबा.
आरशात एक पांढरी फुली.
मी माइकवर वाचलं, रोज वाचते तेच:
डोळे उघडे ठेवा. फुलीकडे पाहा. झोपू नका.
कशाचाही विचार करू नका.
काही करू नका.

आठ मिनिटं.

नवं काही आलं की आधी आम्हीच आत झोपतो,
म्हणून मला ती आठ मिनिटं ठाऊक आहेत.
एकदा तेवढ्यात मी अख्खं स्वयंपाकघर घासलं
आणि आईशी भांडून घेतलं.
कागदावर लिहिलं: शांत होते.

विचार तर केव्हाच निघून गेलेला असतो.
पडद्यावर येतं ते रक्त,
पाच-सहा सेकंद उशिरा पोचलेलं,
प्राणवायू खांद्यावर घेऊन, धापा टाकत दारात उभं:
कोण ओरडलं? कुणाला हवं होतं?
घरात सामसूम.
लाल-पिवळे रंगसुद्धा आमचेच, नंतर भरलेले.
आत अंधार असतो,
यकृतात असतो तितकाच.

पाचव्या मिनिटाला कॅमेऱ्यात
त्याची डावी तर्जनी खाली गेली, कळ दाबावी तशी.
उजवी मूठ काहीतरी पिळत होती,
केसभर. परत केसभर.
मान दोन मिलिमीटर कलली,
कान देताना कलते तशी.

बाहेर आला तेव्हा कपाळावर पिंजऱ्याचा वळ.
डॉक्टर काद्रींनी विचारलं, सगळ्यांना विचारतात ते:
मनात काय चाललं होतं?
"काही नाही. सांगितलंत तसं."
मोजे चढवले. मग राहवलं नाही.
"पण तुमचं मशीन
पांढरी चार आणि काळी तीन यांच्या फटीत वाजतं.
खाली आणायला गेलो, ऐकेना.
मग मनातली एक तार घेतली
आणि तिलाच चढवत नेली त्याच्यापर्यंत.
दोन सूर जवळ आले की मधे एक थरथर उठते,
वॉव, वॉव, वॉव.
जुळत गेले की मंदावते.
शेवटची जायला सहा-सात सेकंद लागतात.
तेवढं थांबायचं असतं.
नवी पोरं थांबत नाहीत."

मिटली का, मी विचारलं.
"मिटणार होती. तुम्ही बंद केलंत."

डोकं हललं की फाइल बाद. नियम माझाच,
मीच भिंतीवर चिकटवलाय.
बाकी एकतीस मेंदू ताणून, दाबून
एका साच्यात बसवले, सरासरी काढली.
छापील चित्राखाली लिहिलंय: विश्रांती.
हेनो त्यात नाही.

रात्री सगळे गेले तरी
हीलियमचा पंप चालू असतो,
खोलीत एकटाच चिवचिवत.
नऊ वर्षं ऐकते आहे.
परवापासून तो मला
जरासा उतरलेला वाटतो.