उपाशीपोटी

हवालदार तांडेल सर्विस रोडवर उकिडवे बसले
आणि टेप लावून रक्त मोजू लागले.
दोन फूट बाय सव्वा फूट.
एक पंच किल्ल्या बनवणारा,
दुसरा फुटपाथवर हेल्मेट विकणारा,
तो सारखा माझ्या तडकलेल्या हेल्मेटकडे बघत होता.
"मॅडम, हे आपल्याकडचं नाही हां."

"सदर ठिकाणी," तांडेल मोठ्याने म्हणत लिहीत होते,
"जखमीचे रक्त सांडलेले दिसून येत आहे."

साहेब, हे माझं नाही.
माझा गुडघा सुजलाय, कोपर सोललंय, बस.
हे रक्त अकरा जणांचं आहे.

पेन थांबलं.

पाठारे आजींचं, कन्नमवार नगर, तळमजला.
लोबो अंकलचं, ज्यांची शीर बोटाखालून सरकते.
त्या नव्या सुनेचं, जिने सासू आत गेल्यावर
हळूच विचारलं, रिपोर्ट माझ्या फोनवर येईल ना?
बाकीच्या आठांची नावं पेटीवरच्या कागदावर होती,
कागद भिजला.
सगळे रात्रीपासून उपाशी. चहासुद्धा नाही.
सहापासून जिने चढून काढलेलं,
बर्फावर ठेवून घाटकोपरच्या लॅबला निघालेलं.
पेटी टेम्पोच्या मागच्या चाकाखाली गेली,
मी पुढच्या चाकाच्या वीतभर अलीकडे राहिले.
नंबर?
शेवटचे दोन आकडे. ताडपत्री निळी.

तांडेलांनी आवाज खाली आणला.
"पॉलिसी खासगी ना? लॅबचं रक्त लिहिलं
तर इन्शुरन्सवाला म्हणेल, धंद्यासाठी वापर.
एक पैसा सुटणार नाही.
राहू दे जखमीचे. एकच तर शब्द आहे."

बाइकचे चौदा हप्ते बाकी.
एका घरामागे साठ रुपये मिळतात, पेट्रोल माझं.
मी गप्प बसले.
पंचांनी सह्या केल्या, किल्लीवाल्याने कानडीत.

राजावाडीत माझं रक्त घ्यायला एक पोरगा आला.
प्यायले होते का, ते बघायचा नियम आहे.
त्याने स्पिरिटचा बोळा उचलला.
तो नको रे, मी म्हटलं, साबणपाण्याने पूस,
नाहीतर सकाळी नऊ वाजता दारू निघेल माझ्यात.
दोनदा चुकला.
मग रबर मीच दातात धरून आवळलं.
ही घे. ही सरळ आहे.

सर्वेयर खोत नवव्या दिवशी गॅरेजात आले,
बाइकभोवती फिरले, मुलगी बघायला आल्यासारखे.
प्लास्टिकचे निम्मे. रबराचे निम्मे.
लोखंडाला वयाप्रमाणे घट.
काचेला घट नाही, काच पूर्ण.
मला नळ्या आठवल्या,
त्या प्लास्टिकच्या होत्या.

मग त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी धरले,
एक पोलिसांचा, एक हॉस्पिटलचा.
"इथे दोन फूट बाय सव्वा फूट,
आणि तुम्हाला टाका एकही नाही?"
ते तसे वाईट माणूस वाटले नाहीत.
पावतीपुस्तकात मुलाच्या शाळेचं वेळापत्रक होतं.
"मग हे रक्त कोणाचं, बाई?"

दुसऱ्याच दिवशी मी लंगडत, रिक्षाने,
पुन्हा त्या अकरा दारांशी गेले होते.
लोबो अंकल चिडले. दोघांनी दार उघडलं नाही.
सून माहेरी गेली, असं सासूने सांगितलं.
पाठारे आजी मात्र बाही वर करून
उंबऱ्यावरच बसल्या होत्या,
परत उपाशी.
"काल सांडलंस ना?
मग आज जरा जास्तच काढून ठेव."

खोत थांबले होते, पेनाचं टोपण दातात.
गॅरेजवाल्याने पंप बंद केला.
त्या शांततेत मी नावं सांगायला लागले,
माळ्यांसकट, पत्त्यांसकट.
तिसऱ्या नावाला ते लिहू लागले.