एकोणिसावा कागद

(उत्तर नॉर्वेतलं एक बेट, नोव्हेंबर १९९४)

सूर्य परवाच गेला, आता थेट जानेवारीत.
व्यायामशाळेतल्या दोरखंडाच्या शिड्या वर बांधून
मी टेबलाशी बसले आहे. यादीत एकशे तेरा नावं.
युरोपात जायचं का, एवढंच विचारलंय सरकारनं,
जणू इतके दिवस आम्ही भलतीकडेच कुठे होतो.

बोरघिल्ड पहिली आली, बर्फावर काठी टेकत.
पत्रकं तिनं वाचली नाहीत, त्यांत सुका मासा गुंडाळला.
तिचं म्हणणं एकच : स्पेनचे ट्रॉलर
माझ्या खिडकीतून दिसता कामा नयेत.
त्या खिडकीतून गेली चार वर्षं
तिला काहीच दिसत नाही. मोतीबिंदू.

रुनारचा मुलगा ओस्लोत असतो, सूट घालतो,
फोनवर म्हणतो, बाबा, हो म्हणा.
म्हणून रुनार नाही म्हणणार.
मुलगा नाही म्हणाला असता तर काय,
हे रुनारला विचारू नये.

आयलिफ आणि ओडवार सख्खे भाऊ.
बहात्तर साली हाच प्रश्न आला होता, तेव्हा
एकानं बोट घेतली, दुसऱ्यानं जाळी,
आणि बावीस वर्षं दोघं अर्धेच मासे धरतात.
आयलिफ सकाळी येऊन गेला. ओडवार तीनला.
कागद घेण्याआधी दोघांनीही
माझी यादी उलटी वाचली :
दुसऱ्याच्या नावापुढे खूण झाली का.
मग पडद्यामागे गेले.

कागदावर छापलं होतं : नाही.
लोकांनी वाचलं : नको.
नाही हे उत्तर असतं. नको म्हणजे
ताटावर आडवा धरलेला हात.
पोट भरलंय म्हणून,
की वाढणाऱ्याचा राग आलाय म्हणून,
की बापानं तसाच धरला होता म्हणून,
हे मोजायची सोय पेटीत नव्हती.

माझंही सांगते. बहात्तरला मी पहिल्यांदा मत दिलं.
मागे रांगेत बाबा, टोपी हातात,
कपड्यांना माशाच्या तेलाचा वास.
तो वास सोबत घेऊनच मी आत गेले,
आणि त्यानंच कागद उचलला.
यंदा बाबा नाहीत.
पडदा ओढला, तरी एकदा मान वळवून पाहिलं.

चौऱ्याण्णव नको. एकोणीस हो.
देशातही नकोच जिंकलं, पण अगदी थोडक्यात,
इथल्यासारखं दणदणीत नाही.

सकाळी दुकानात हिशेब सुरू.
डॉक्टर. पाद्री, त्याची बायको. मासळी कारखान्याचा मॅनेजर.
ओडवार, असं आयलिफ म्हणाला,
आणि दुकान क्षणभर गप्प झालं,
कारण ते नाव त्याच्या तोंडून
बावीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.
मोजत मोजत बोटं अठरावर येऊन थांबली.
एकोणिसावा कोण?

यीस्टचं पाकीट पिशवीत टाकत
मीही सगळ्यांसारखीच म्हणाले,
खरंच, कोण असेल?