दसकपर्यंत

डॉक्टर गोऱ्हेंनी चिठ्ठीवर, गोळ्यांच्या खाली,
एक ओळ लिहिली: चालणे, चाळीस मिनिटं.
मेडिकलवाल्यानं वाचली, हसला,
म्हणाला, हे आमच्याकडे मिळत नाही.

तेहेतीस वर्षं प्रेसमध्ये मी कागद पाहिले.
नोटांचे ताव. शाई कुठे फिकी,
रेघ कुठे सरकलेली, आकड्याचा पाय कुठे तुटलेला.
चूक शोधायची, एवढंच काम डोळ्यांना.
जुलैत मी निवृत्त झाले.
डोळ्यांना कुणी सांगितलंच नाही.
रात्रभर ते छताचे पोपडे तपासत,
मुलाच्या फोनवरच्या आवाजातली
सरकलेली रेघ तपासत.
झोप तीनला यायची, पाचला परत जायची,
पाहुणी आल्यासारखी, चहासुद्धा न घेता.

म्हणून आश्विनात बाहेर पडले.
जेलरोडवरून खाली, दसकपर्यंत.
नदीला हात जोडायचे आणि वळायचं.

पहिला आठवडा पावलं मोजली.
शंभर झाली की अंगठा बोटाच्या पेरावर, जुनी खोड.
जाताना चार हजार दोनशे बारा.
येताना तेवढीच यायला हवीत. आली नाहीत.
हिशेब चुकला म्हणून रस्त्यातच थांबले.
मागून सेलिना ठोंबरे येत होती,
पायात मुलाचे बूट, एका नंबरने मोठे.
"काय हरवलं?"
"एकशे सहा पावलं."
"सापडली तर मला दे गं. माझे गुडघे कमी पडतात."

तेव्हापासून आम्ही दोघी.
ती बोलते, मी ऐकते, कधी उलट,
कधी अर्धा रस्ता नुसते बूट बोलतात.

दुपारी अजून ऑक्टोबर डोकं भाजतो,
पण सहाला रस्ता कुणीतरी पुसून ठेवलेला असतो.
गवतावर दव, चपलेतून बोटांना कळतं.
बुचाखाली पांढरी फुलं, लांब देठांची,
पायाखाली येऊ नयेत म्हणून
दोन बायका साठीनंतर लंगडी घालतात.
टपरीवाल्याचा पहिला चहा उकळत असतो,
आलं ठेचल्याचा आवाज आधी येतो, वास मागून.

नदी काही चकचकीत नाही.
पानवेली, प्लास्टिक, दसऱ्याचे झेंडू काळे पडलेले.
तपासायला आली असती तर मी परत पाठवली असती.
पण पाठवायची कुठे? त्र्यंबकला?
त्या पानवेलींवर एक पाणकोंबडी
लग्नाला उशीर झाल्यासारखी लगबगीनं चालत गेली,
आणि माझ्या तोंडून हसू निसटलं.
किती दिवसांनी, ते मोजलं नाही.

एकदा पूल ओलांडून नांदूरच्या बाजूला गेलो.
द्राक्षबागेत छाटणी चाललेली,
काड्यांचे ढीग, कापल्या लाकडाचा कच्चा वास.
कात्री चालवणारा पोरगा म्हणाला,
"मावशी, काडीला मोजकेच डोळे ठेवायचे.
आठ-दहा दिवसांत फुटतील बघा."
आमच्या घरी डोळे फुटले का, ही शिवी.
त्याच्या बागेत ती खुशखबर.
घरी येईपर्यंत सेलिना तेच घोळवत होती,
मी मात्र स्वतःच्या पापण्या चोळत राहिले,
धूळ गेली असावी.

प्रेशर अजून दीडशेच्या आसपास रेंगाळतं.
गोऱ्हे म्हणतात, बघू.
झोप आता दोनला येते, कधी एकला,
काल तर बातम्या संपायच्या आधीच.

आज सागाचं एक पान उचललं,
किड्यांनी खाल्लेलं, नुसती जाळी उरलेली.
सवयीनं उजेडासमोर धरलं.
आरपार सूर्य, सेलिनाचा अर्धा चेहरा,
पलीकडच्या सायकलचं चाक.
कुठल्या गठ्ठ्यात ठेवावं कळेना.
"काय गं, खराब आहे?"
"थांब जरा," म्हटलं, "बघतेय."