दोनदा टक्

पुस्तकात तो वाचतो.
वाचतो म्हणजे जगतो, पुस्तकं वाचणाऱ्यातला लुसियाँ नव्हे.
पान दोनशे अकरा: मार्सेयच्या धक्क्यावर पहाट,
जेनोव्हाची बोट, खिशात लुटीतलं काही नाही,
फक्त घराची किल्ली.
मला ठाऊक आहे, ते पान मीच टाइप केलंय,
रिबन वाळली होती, एकेक अक्षर ठोकून ठोकून.

सिनेमात त्याला जिन्यावर मारतात.
'लोकांना हिशोब चुकता झालेला हवा असतो,' निर्माता म्हणाला,
आणि गास्पारनं चक्क मान डोलावली.
पेराश स्टेशनातला हरवलेल्या सामानाचा कारकून,
दिवसभर छत्र्या नोंदवायचा
आणि रात्री माणसं मारायचा
स्वयंपाकघरात, माझ्या सुपाच्या वाफेत.
हक्कांच्या पैशातून फ्रिज आला.
तो अजून गुरगुरतो. गास्पार फेब्रुवारीत गेला.

क्रुआ-रूसच्या चढावरच्या थिएटरात
एकदा तिकीट काढलं की दिवसभर बसा,
खेळ संपला की पुन्हा सुरू.
लुसियाँ गुत्त्यात शिरतो,
काउंटरवरचं उकडलेलं अंडं उचलतो,
जस्ताच्या पत्र्यावर दोनदा टक्,
थांबतो,
मग तिसऱ्यांदा, हळू,
आत कुणी झोपलंय जणू.

हे गास्पारचं.
हा नट त्याला कधी भेटलेला नाही.
पुस्तकात एवढीशी ओळ होती, मी म्हटलेलं खोड,
गुंड काय अंडी सोलत बसतात?

बॅटरी घेऊन जागा दाखवणारी झुल्मा
पाचव्या दिवशी माझ्या कोपराला हात लावून म्हणाली,
'मादाम, जिना येतोय.'
तेव्हापासून मी वेळेवर उठते,
बाहेर टांगलेल्या ओल्या कोटांत उभी राहते.
दाराआडून गोळ्या
सतरंजी झटकल्यासारख्या ऐकू येतात.
मग बातमीपट, मग गोळ्या-चॉकलेटवाला,
मग पुन्हा लुसियाँ, धडधाकट, भुकेला.

बुधवारी रिळं ग्रेनोबलला जाणार.
झुल्मानं विचारलं, 'शेवट बघणारच नाही?'
म्हटलं, मला पाठ आहे. बोट सुटते.

तिला हे नाही सांगितलं,
की गास्पारच्या हस्ताक्षरात जिनाच होता.
तीन गोळ्या, सातवी पायरी, सगळं.
बोट माझी. किल्लीसुद्धा.

छापील प्रत आली तेव्हा त्यानं
उभ्याउभ्याच दोनशे अकरा उघडलं,
वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि मीठ मागितलं.