कॉलरचा माइक

ग्रिम्सबीत डिसेंबरात साडेतीनलाच उजेड संपतो,
हे वेळापत्रकात धरायचं राहिलं.
कॉलेजचा कॅमेरा सोमवारी नऊच्या आत परत,
एक बॅटरी अर्ध्यावर,
आणि समोर खुर्चीत विल्फ स्टॅनिलँड, वय ब्याऐंशी,
माझ्यासाठी टाय बांधून.

प्रश्न वहीत क्रमाने होते.
ट्रॉलरवर किती वर्षं? एकवीस.
कुठवर जायचात? वर. आइसलँडच्याही वर.
आणि तुमचा भाऊ?

त्याने टायची गाठ चाचपली,
खरखर थेट माझ्या कानात.
"चहा टाकतो," म्हणाला, आणि उठला
कॉलरवरचा माइक तसाच घेऊन.

मी हेडफोन काढायला हवे होते.

नळ. किटली. कपाटाचं दार.
मग अगदी दबक्या आवाजात:
मुरुन... म्रुन-माय... मृन्म...
भिंतीपलीकडे एक म्हातारा
माझं नाव घोकत होता,
चुकलं की परत पहिल्यापासून.
(वर्गात पहिल्याच दिवशी त्याचं 'एम' झालं.
मीच म्हटलं होतं, चालेल.)

किटलीला उकळी फुटली तशी
तिच्या आवाजाआड तो आणखी एक नाव बोलला.
एकदाच. न अडखळता.

"मृन्मायी, साखर?"
दोन चमचे, म्हटलं.
मी साखर घेत नाही.

मग त्याने आपणहून सांगितलं,
दोरखंडांवर बर्फ कसा चढायचा, मनगटाएवढा,
आणि रात्रभर कुऱ्हाडीने तो फोडायचा,
नाहीतर जड होऊन बोट आडवी.
वाजायचा म्हणाला बर्फ. मांडणीच कोसळल्यासारखा.
भावाचं काही नाही.
मीही वही उघडली नाही.

रात्री लॉजवर आईसाठी मराठी सबटायटल्स लिहीत बसले.
त्याचं साधं वाक्य, तीन शब्दांचं. मी टाइप केलं:
थंडी वाजत होती.
आणि हात थांबला.
जन्मभर बोलत आले हे,
ऐकलं आत्ता.

स्वयंपाकघरातली चार मिनिटं बारा सेकंद
वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत.
फोल्डरला नाव दिलेलं नाही.

सोमवारी सामान परत केलं.
माइकच्या चिमट्यात टायचा एक निळा धागा अडकला होता.
काउंटरवरच्या मुलाने फुंकर मारून तो उडवला
आणि फॉर्मवर लिहिलं,
नुकसान: काही नाही.